पाऊण फेरा

—नाय नाय, चावी नका देऊ ताई. ठेवा तशीच. ठेवा म्हणलं ना. साठ-सत्तर वर्सांची गाडी हाय, तुमी चावी देणार, आत काहीतरी तडकणार, अन् शिव्या मला. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय — पायरीवर बसा. वैजापूरहून आणली? एसटीत, मांडीवर घेऊन? बरं केलं. असल्या गाड्या मांडीवरच आणाव्यात. पत्रा बघा कसाय, रंग उडालाय पण पोचा म्हणून नाय कुठं. अन् चाकच लंगडतंय ना फक्त? चाकाचं काय, चाक मी इथंच ओततो, शिसं हाय, साचा हाय. पण तुमी असं करा — गाडी ठेवून जा. परवा या.

तासाभरात होईल असं फोनवर कोण म्हणलं? …व्हय, मीच म्हणलो असंल. फोनवर मी तसंच म्हणतो, फोनवर माणसाला कामून दुखवायचं? पण उद्या महालक्ष्म्यांचं जेवण हाय. आज बसल्या, उद्या जेवणार, परवा उठणार. महालक्ष्म्या घरात असताना शिसं वितळवत नाय आमी. रिवाज हाय. म्हणजे माझाच हाय, आत्ताच काढलाय, पण हाय. तुमच्याकडं नाय बसत का? …बसायच्या, आजोबा होते तवर. अन् ही गाडी महालक्ष्म्यांपुढं मांडायचे? …नुसती मांडायचे? चालवायचे नाय? कधीच नाय? तुमी लहान असताना बी नाय? — बरं. हौशी माणूस. नाय, बरोबर हाय, मांडली तरी शोभती. म्हणजे ह्या इंजिनाला वीस-पंचवीस वर्सांत चावीच कुणी दिली नाय. म्हणजे आतली कमान… बरं. बरं. चहा घेता?

कमान म्हणजे स्प्रिंग हो. तुमी स्प्रिंग म्हणा. पत्र्याच्या डबीत गुंडाळलेली पट्टी असती, चावी दिली की आवळती, सोडली की सुटती, तिच्यावर गाडी पळती. सगळा जीव तिच्यात. चाक ओतता येतं, दांडा घासून करता येतो, डब्याचा हूक तर मी सायकलच्या स्पोकचा करतो — पण कमान करता येत नाय. ते पोलादच येगळं. पहिलं मुंबईहून यायच्या, एक म्हातारा चोरबाजारात बसायचा, तो गेला. मग सिकंदराबादला एक दुकान होतं, तिथं आता मोबाइलचे कव्हर मिळतात. मग पोराटोरांनी सांगितलं ऑनलाइन मागवा, विलायतेत मिळती. मागवली. दोन महिन्यांनी कुठल्या तरी हापिसातनं कागद आला — तुमच्या नावानं रेल्वे इंजिनाचा पार्ट आलेला हाय, रेल्वेचं पत्र जोडा. मी लिहिलं, साहेब, खेळण्यातली गाडी हाय, एवढीशी. त्यांनी लिहिलं, मीटरगेज का ब्रॉडगेज ते कळवा. — हसू नका, खरं सांगतोय. मी कळवलं. चार बोटं म्हणून कळवलं. अजून काय आलेली नाय.

दुसऱ्या कशाच्या कमानी घालून बघितल्या का? सगळ्या बघितल्या. गजराच्या घड्याळाची घातली, ती नाजूक, इंजिन जागेवरच हूं हूं करत बसलं, दम्याच्या माणसासारखं. ग्रामोफोनची कापून घातली — ती लई ताकदीची, गाडी रुळावरून सुटली ती थेट आंबिलीच्या पातेल्यात. महालक्ष्म्यांपुढं. बाया म्हणल्या शुभ हाय. काय शुभ? मी दोन दिवस डब्यांतनं आंबील काढत होतो.

गाडी घेऊन इथंच बसता म्हणता, चाक होईस्तोवर? …बसा की. मला काय. फक्त — ठेवून गेला असता तर बरं झालं असतं. दोन रात्रीचा तर प्रश्न हाय. तुमचा इश्वास नाय का माझ्यावर? बरोबर हाय. नसावाच. बघा, मी आता सरळच सांगतो, सकाळधरनं दमलोय अन् खोटं बोलायला बी ताकद लागती. मला तुमची कमान पायजे. एका दिवसासाठी. उद्या दुपारी घालतो, उद्या संध्याकाळी काढतो, परवा तुमच्या इंजिनात जशीच्या तशी. तुमाला कळलं बी नसतं. आधी कुणाला कळलं?

आधी म्हणजे… आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐका. ह्या पुंडलिकनगरात अन् आजूबाजूला मिळून अकरा घरं होती असल्या गाडीची. अकरा. महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्याभोवती रूळ मांडायचे, अन् जेवणाच्या दिवशी आरती झाली की गाडी सोडायची, दोघी बहिणींना फेरा घालून आली की मग निवद. आता कमानी एकेक करून तुटत गेल्या. अकराच्या दहा तुटल्या, मग अकरावी बी तुटली, अन् माझ्याकडं राहिली एक. एका गिऱ्हाइकाची होती — कुणाची ते आता ध्यानात नाय. घरं अकरा, कमान एक, अन् महालक्ष्म्या सगळ्यांच्या एकाच दिवशी जेवतात. मग काय करणार? मी घरोघर सांगून ठेवलं, गाडी जुनी झाली, वर्सभर हात लावू नका, चावी माझ्याकडं ठेवा, त्या दिवशी मी सोता येऊन तेल घालून देतो. जायचं, मागच्या खोलीत दहा मिनटं बसायचं, कमान बसवायची, गाडी सोडायची, फेरा झाला की म्हणायचं आणा, शेवटचं तेल राहिलं — कमान काढायची, पुढच्या घरी.

आरत्यांच्या टायमाचं कसं? ते गुरुजींनी केलं. त्यांना बी अकरा घरी एकाच टायमाला जाता येत नव्हतं, त्यांची बी तीच अडचण. एका स्कूटरवर जायचो आमी, गुरुजी म्होरं पंचांग घेऊन, मी मागं कमान घेऊन. ह्या कॉलनीत कुणाची आरती नऊ वीसला, कुणाची दहा पाचला, कुणाची पावणेबाराला — अजून बी तसंच चालतंय. लोक म्हणतात आमच्या घराण्याचा मुहूर्त हाय. कशाचं घराणं? माझा स्क्रू ड्रायव्हर हाय तो. सुना येतात, त्यांना सासवा सांगतात, आपल्यात दहा पाच चुकवायची नाय बरं. मी ऐकून घेतो.

आता अकरा राहिली नायत. काही पुण्याला गेले, काहींनी भंगारात घातली, बाकीच्यांनी शेलवाली, बॅटरीवरची आणली — लाल-निळे दिवे, गाणं वाजतं, अन् ती थांबतच नाय, महालक्ष्म्यांना फेरे घालून घालून चक्कर येती आपल्यालाच. आता एकच घर उरलं. गल्लीच्या टोकाला, आशाबाई. आशाकाकू म्हणतो मी. एकोणऐंशी वय, शुगर हाय, एकट्या असतात. अन् त्यांचं असं हाय की गाडीचा फेरा पुरा झाल्याशिवाय त्या घास घेत नायत. पाणी बी नाय. सकाळपास्नं सोळा भाज्या करायच्या, पुरण वाटायचं, अन् पाटावर बसून राहायचं गाडीकडं बघत.

कामून म्हणजे? — आता ते… दोन हजार नऊची गोष्ट हाय. काका होते तवा, शिवराजकाका, त्यांचे मालक. गाडी त्यांनीच आणलेली, चावी द्यायचा मान बी त्यांचा. त्या साली मला उशीर झाला. दीड तास. मी म्हणलं स्कूटर पंक्चर झाली. गुरुजी पुढं निघून गेले होते, आरती उरकली, पाहुणे ताटावर बसलेले, काकांनी वाट बघितली अन् मग म्हणले, राहू द्या, यंदा गाडी नको, वाढा. मी पोचलो तवर निवद झालेला. गाडी नाय सोडली. अन् पितरं संपायच्या आत काका गेले. झोपेत. डाक्टर म्हणले हार्ट. आता गाडीचा अन् हार्टचा काय संबंध? काय नाय. काकू मला एका शब्दानं बोलल्या नाय कधी. पुढल्या साली फक्त म्हणल्या, कडुबा, गाडी फिरून आली की मगच मी जेवीन. बास. तवापास्नं चाललंय.

अन् इकडं कमान तुटती ना दर दोन-तीन सालांनी. टोकाला तुटती, हुकापाशी. मग टोक तापवायचं, नवं भोक पाडायचं, पुन्हा अडकवायची — दर टायमाला दोन बोटं कमी. पहिलं सहा फेरे जायची. मग चार. मग दोन. मग मी रूळ कमी करायला लागलो. सरळ पट्ट्या काढल्या, नुसता गोल ठेवला. गोल बारीक झाला म्हणून महालक्ष्म्या जवळ सरकवल्या. आता दोघी अशा खेटून उभ्या असतात, जशा दोन बाया एकाच फोटोत मावायला बघतात. काकू म्हणल्या, कडुबा, बहिणी लई जवळ आल्या रे. मी म्हणलं, वय झालं ना त्यांचं बी.

मागल्या साली पाऊण. पाऊण फेरा जायची अन् थांबायची. बरं थांबायची कुठं, तर बरोबर महालक्ष्म्यांच्या मागं, पदराआड. काकू समोर बसलेल्या, त्यांना दिसायची नाय. गाडी गेली आत, ती बाहेर काय येईना. मी परत चावी द्यायचो, पुन्हा पहिल्यापास्नं. एकदा मागनं हळूच बोट लावलं तर म्हणल्या, इंजिनाला बोट कामून लावतोस? ऐकू येतं ओ त्यांना. बॅटरीची मोटार बसवून बघितली होती त्याच्या आधी, ती सुरू झाल्या झाल्या म्हणल्या, ही आपली नव्हं. दुपारी एकपास्नं चार वाजेपर्यंत मी चावी देतोय अन् त्या बसून. चार वाजता पाटावरनं कलंडल्या. शुगर उतरली. मी अन् शेजारच्या पोरीनं उचललं, साखर घातली तोंडात — दात आवळून धरले हो बाईनं. शुद्ध नाय पण दात आवळलेले. मग मी मोठ्यानं म्हणलं, काकू, आली गाडी, आली बघा. तवा उघडलं तोंड.

म्हणून तुमी फोन केला परवा, चावीची गाडी हाय, कधी चाललेली नाय — मी लगेच या म्हणलं. चाकासाठी कोण बोलावतं? तुमच्या आत कोरी कमान असणार, पूर्ण लांबीची, सहा फेऱ्यांची. उद्या एकच फेरा पायजे मला. एक. …खरंच? खरंच देता? आणा इकडं. तुमच्या म्होरंच उघडतो, नीट बघा, काय लपवत नाय.

हे चार स्क्रू. आमच्यात रिवाज हाय — हा खरा हाय, मी काढलेला नाय — फकिरा उस्ताद म्हणून होते माझे, सिटी चौकात बसायचे, त्यांनी शिकवलं: कोणतं बी मशीन उघडलं की आतल्या बाजूनं खिळ्यानं आपलं नाव अन् तारीख कोरायची. कामून? तर म्हणायचे, अगले मिस्त्री को मालूम तो हो, गाली किसको देना. हा तिसरा. गंजलाय. …निघाला. आता हे झाकण असं वर —

हं.

नाय, थांबा. थांबा जरा. उजेडाकडं घेतो.

रिकामीये. डबी रिकामी. कमान नाय आत. तुटलेली नाय, तुटली असती तर तुकडे असते — काढलीये. सफाईनं काढलीये, हूक बी वाकवलेला नाय. बघा, बघा तुमी. कुणी तरी तुमच्या आजोबांना फसवलं, ताई! म्हणून मांडायचे नुसती! म्हाताऱ्या माणसाची गाडी दुरुस्तीला घ्यायची अन् आतला जीव काढून घ्यायचा, वरून झाकण लावून परत द्यायची — असल्या माणसाला काय म्हणायचं? मिस्त्री नव्हं तो, खाटीक तरी बरा, तो सांगून कापतो. असल्या लोकांनी धंदा बुडवला आमचा. हात झडावेत त्याचे. नाव असणार बघा इथं, इतका सफाईचा हात म्हणजे शिकलेला माणूस, नाव कोरलंच असणार — चष्मा कुठंय माझा? तुमच्या मागं, त्या फळीवर. द्या. हां. हे काय — का… कडु… सोळा ऑगस्ट सत्त्याण्णव.

…

चहा आला नाय अजून. सांगितलं होतं मी.

तुमच्या आजोबांचं नाव काय होतं, ताई? …तात्यासाहेब. कापसाचं जिनिंग होतं, व्हय ना? पांढरं धोतर. गुलमंडीवर दुकान होतं माझं तवा, तिथं आले होते एकदाच. कमान चांगली होती. काय झालेलं नव्हतं तिला, नुसतं तेल सुकलं होतं. महालक्ष्म्या वीस-पंचवीस दिवसांवर आल्या होत्या, अकरा घरं होती, अन् माझी शेवटची कमान आदल्याच दिवशी तुटलेली. मी म्हणलं, तात्यासाहेब, कमान गेली हो तुमची. नवी येत नाय आता. माल यायचा बंद झाला. — तवा येत होता, ताई. सिकंदराबादला अजून मिळत होत्या. जाऊन आणायची, तर आठ दिवस दुकान बंद ठेवावं लागलं असतं. म्हणलं एवढ्या सणाला ही वापरू, मग देऊ.

दर साली फोन करायचे. महालक्ष्म्यांच्या आधी. "तात्यासाहेब बोलतोय. मिळाली का रे कमान?" कुठनं बोलतोय ते कधी म्हणले नाय, अन् मी बी कधी इचारलं नाय — इचारलं असतं तर पाठवायला पत्ता झाला असता. मी म्हणायचो, नाय हो, बंद झालंय. पहिली आठ-दहा वर्सं खोटं बोललो. मग ते सिकंदराबादचं दुकान खरंच बंद झालं, अन् मी तेच वाक्य खरं बोलायला लागलो. वाक्यात काय बदल करावा लागला नाय. शेवटी शेवटी तेच मला समजूत घालायचे, असू दे मिस्त्री, तुझा काय दोष. मग एका साली फोन आला नाय. मला बरं वाटलं. — तुमी रडायलात का? …नाय ना. मग ठीक.

ही घ्या. सुपारीची डबी हाय, पण आत तीच कमान हाय. एवढीशी दिसती आता, व्हय. तुमची हाय. मी बसवून देतो इंजिनात, चार मिनटं लागतील. …उद्याचं काय म्हणजे? उद्याच्यासाठी ठेवा म्हणता? तुमच्या आजोबाची कमान ठेवून घेऊन मी सत्तावीस सालं काढली, अन् तुमी म्हणता अजून एक दिवस ठेवा. नको. अन् ठेवून बी काय, ती पाऊणच जाणार. पदराआड जाऊन थांबणार. अन् ती बाई उद्या बसणार पाटावर, अन् मी पुन्हा म्हणायचं आली, आली. ह्या टायमाला उठल्या नाय तर?

हा बघा फोन वाजला. काकूंचाच हाय. दर साली आदल्या दिवशी करतात, किती वाजता येतो म्हणून. …वाजू द्या. …नाय, घेतो.

हां काकू. कडुबा. …व्हय, बसल्या का? मुखवटे नीट बसले? …व्हय, जवळच उभ्या करा, काय होत नाय. …हां, उद्याचंच सांगायचं होतं. काकू, गाडी यंदा लेट हाय. …लेट, लेट. …किती ते सांगितलं नाय अजून. …नाय, रद्द नाय. लेट. …नाय, तुमी बसून राहायचं नाय. गाडी लेट असली की माणसं स्टेशनात काय करतात? डबा उघडून जेवून घेतात का नाय? तसं करायचं. आरती झाली की निवद, निवद झाला की जेवायचं. …तसं कसं म्हणजे?

…काकू, ऐका जरा. त्या साली — काकांच्या साली — गाडी फिरली नाय, ती गाडीमुळं नव्हं. पंक्चर बी नव्हतं झालं. मी तुमच्या आधीच्या घरी, सारजाबाईकडं, जेवायला बसलो होतो. त्यांनी ताट केलं, म्हणल्या बस, मी बसलो. पोळ्या गरम येत होत्या तव्यावरनं. मला घड्याळ दिसत होतं समोर. …व्हय. दिसत होतं. …एवढंच. गाडीनं काय केलं नाय, काकू. काकांनी काय केलं नाय. मी खात होतो.

…

…हॅलो? काकू?

…किती पोळ्या? …चार. …नाय, खरं सांगतो. सहा. …व्हय, तूप होतं. …दुधात बी. …हां. …हां काकू. …उद्या? मी? जेवायला, नुसताच? …बरं. ठेवतो.

काय बघायलात, ताई? उचला ती गाडी. बोलता बोलता कमान बसवलीये, झाकण लावलंय, स्क्रू आवळलेत, चाक तसंच लंगडणार. एसटी जाईल तुमची. — नाय, आता काय बोलू नका. जावा. जावा म्हणलं ना, शटर ओढायचंय मला.